आकडा पडला तेव्हा मी कुठं व्हतो

भिमे, मला एका जागी बसवंना झालंय. ओट्यावर बसलो की घरात काहीतरी राहिलंय असं वाटतं, घरात आलो की ओट्यावरून कुणी हाक मारली असं वाटतं. सून म्हणती, "आबा, घरातल्या घरात तुम्ही नाशकाला जाऊन परत आला असाल." मी बोलतोय आन ती लिवतीय. माझं तर तुला ठावंच हाय. एकदा सायबानं आंगठा लाव म्हणलं तर मी विचारलं व्हतं, हाताचा का पायाचा. सायब हसला, मलाही वाटलं मी लय हुशारीनं हसवलं. खरं तर मला ठावंच नव्हतं.

लोकं दारावर येत्यात. त्यांची लय पंचाईत होती माझ्यामुळं. आख्खी जिंदगी बाजारात गुडीशेव, पाकातली गोड शेव, विकली मी, "बायको रुसली तर न्या, रुसली नसंल तर रुसवायला न्या" असं ओरडून. आता मी तोंड उघडलं की लोकांचे ओठ आधीच सुटत्यात. परवा शेजारचा नामदेव आला. मांडी घालून बसला, मान खाली घातली, सगळं रीतीनं केलं. मी म्हणलो, "नामदेवा, भिमी गेली रे." तर तो हसला! मंग लाजला. मंग आम्ही दोघंबी रडलो. पण आधी हसला तो हसलाच. त्याला काय बोल लावू, माझं थोबाडच तसलं.

बाया तुझ्याबद्दल काय बोलत्यात ते ऐकलं असतंस तर तुला गुदगुल्या झाल्या असत्या. "नशीबवान हो, कुंकू घेऊन गेली." मळवट भरला, हिरवा चुडा घातला, नाकात नथ. तुला पाहिजे व्हतं तसंच झालं बघ. जितलीस तू. मला कुणी काय म्हणंना. बाप्याची बायको गेली तर त्याचं काय पुसायचं, काय फोडायचं? माझ्या अंगावर तुझी म्हणून खूणच नाय कुठली. सदरा तोच, टोपी तीच. मी नुसता उभा व्हतो, यष्टी चुकल्यावाणी.

आन आपलं भांडण तर अर्ध्यातच राहिलं.

तुला आठवतं का, तुझं दुखणं सुरू कसं झालं? तू चूल सारवत व्हतीस आन मला म्हणालीस, "आवं तांब्या, इकडं या." मी म्हणलो, बुडाला गोल हाय म्हणून काय नवऱ्याला तांब्या म्हणायचं व्हय? लय हसलो मी. ओट्यावर जाऊन नामदेवालाबी सांगितलं. माझी अक्कल बघ, तुझ्या तोंडात दुसराच शब्द आला, उजव्या हातातला पोतेरा गळून पडला, आन मी गावभर गंमत सांगत फिरलो. थोड्या वेळानं तू बरी झालीस. मंग आठवड्यात परत तसंच. तेव्हा कुठं माझ्या टाळक्यात उजेड पडला.

निफाडच्या डॉक्टरनं नाशकाला धाडलं. तिथल्या मेंदूच्या डॉक्टरनं फोटो बघून सांगितलं, मानेत रक्ताची मोठी नळी असती, मेंदूला जाणारी, तिच्यात कीट साचलंय डाव्या अंगाला. त्याचे बारीक कण वर जात्यात, म्हणून हात पडतो, जीभ अडकती. नळी उघडून साफ करावी लागंल. नाय केली तर एक दिवस हात पडंल तो उठायचा नाय, जीभ अडकंल ती सुटायची नाय.

मी म्हणलो, "साहेब, जिभेचं राहू द्या, मला जरा विश्रांती मिळंल." डॉक्टर हसले नायत. तू हसलीस. वाकड्या तोंडानं हसलीस.

आन मंग त्या भुलीच्या मॅडम आल्या. भूल देणाऱ्या. बारीक चणीच्या, केस मागं बांधलेले, बोलायला गोड पण एकदम खडखडीत. तुझ्या खाटेवर बसल्या आन म्हणल्या, "मावशी, उद्या कपाळ स्वच्छ पुसून यायचं. कुंकू नको, मेण नको."

तू म्हणालीस, "नाय."

नुसतं नाय. शेजारच्या खाटंवरची बाईबी उठून बसली.

मॅडमनी समजावलं. नळी साफ करताना ती थोडा वेळ दोन्हीकडनं चिमटा लावून बंद ठेवावी लागती. तेवढा वेळ डाव्या मेंदूला उजवीकडून रक्त पुरतंय का नाय, ते बघावं लागतं. बोटाला जो चिमटा लावत्यात त्यानं बोटातलं कळतं, मेंदूतलं नाय. भूल दिलेला माणूस तर सांगू शकत नाय की माझा हात चालंना म्हणून. म्हणून ही नवी पट्टी. कपाळाला दोन्ही बाजूंनी चिकटवायची. सुई नाय, भोक नाय, रक्ताचा थेंब नाय. पट्टीतून उजेड कपाळाच्या हाडातून आत जातो आन परत येतो. येताना मेंदूतल्या रक्तात किती प्राणवायू शिल्लक हाय ते सांगतो. पडद्यावर आकडा येतो, डाव्याचा वेगळा, उजव्याचा वेगळा. "आकडा पडला की मला लगेच कळतं," मॅडम म्हणल्या, "पण तुमचं हे रुपयाएवढं कुंकू, खाली मेणाचा थर. पट्टी चिकटणार नाही आणि लाल रंग उजेड खाऊन टाकेल. दुसरं कुठलं ऑपरेशन असतं तर मी म्हटलं असतं, राहू दे."

तू म्हणालीस, "मॅडम, माझा नवरा जिता हाय. तो बघा, तिथं उभा हाय. दिसतोय ना? मंग माझं कपाळ कसं पुसता?"

मी उभा व्हतो. जिता हाय हे दाखवायला जरा हललो पण.

मॅडमनी डोकं लढवलं. कंपनीनं दाखवायला दिलेली एक जुनी पट्टी त्यांच्याकडं व्हती. म्हणल्या, "काका, या, बसा. आधी तुमच्या कपाळाला लावून दाखवते. मावशींना कळेल, काही दुखत नाही." लावली. गार गार वाटली, शेळीनं चाटल्यावाणी. मशीन पिकपिक करायला लागलं. आकडा आला. मॅडम म्हणल्या, "वा काका, भरपूर आहे!"

तू खाटेवरून म्हणालीस, "असणारच. यांच्या डोक्यात हवाच हाय नुसती."

सगळा वार्ड हसला. सिस्टर हसल्या, मॅडम तर खाटेभोवतीचा पडदा धरून हसल्या. तुला बाजारात उभी केली असती तर माझी पाटी कवाच उचलावी लागली असती.

पण हसून झालं आन तू परत म्हणालीस, "नाय."

त्या दिवशी मी तुझ्यावर वरडलो, भिमे. "मरायचंय का तुला एका टिकल्यासाठी?" तू शांतपणे म्हणालीस, "माझ्यासाठी नाय ओ. उघड्या कपाळानं मी तिथं पडून राहीन आन तुमचं काय झालं म्हंजे?" माझं काय व्हायचंय, मी तर बाहेर चहा पीत बसणार व्हतो!

सकाळी तूच तोड काढलीस. मॅडम आल्या तर पिशवीतला करंडा काढून बसलेलीस. मला जवळ बोलावलंस. बोटावर मेण घेतलंस, माझ्या कपाळाला चोळलंस, वर तुझं कुंकू भरलंस. गोल, रुपयाएवढं. बाईमाणसाचं लावत्यात तसं. म्हणालीस, "मी येस्तोवर सांभाळा. घाम आला तरी पुसायचं नाय. तोंड धुवायचं नाय. हात लावायचा नाय."

आन मॅडमना म्हणालीस, "आता पुसा. पण तुम्ही नाय. ज्याच्या नावाचं हाय त्यानं पुसायचं."

मॅडमनी कापूस माझ्या हातात दिला, दवाखान्याचं ते गार उग्र पाणी लावलेला. पयल्यांदा तर नाकच पुसलं तुझं. मेण निघता निघंना. निघालं तेव्हा खाली कातडी निराळीच दिसली. आजूबाजूचं कपाळ उन्हानं रापलेलं आन मधी गोल पांढुरका डाग. त्याच्या मधोमध एक हिरवा ठिपका. गोंदणाचा. लग्नाला एवढी वर्सं झाली, मला ठावंच नव्हतं तिथं गोंदलेलं हाय. कसं ठावं असणार? लग्नात अंतरपाट निघाला तेव्हा पण कुंकू व्हतंच.

तू विचारलंस, "काय बघताय?"

मी म्हणलो, "चंद्रावर खड्डा पडलाय."

भिमे, मला दुसरंच म्हणायचं व्हतं. ते कपाळ एवढं कवळं दिसलं, परकर नेसलेल्या पोरीचं असावं तसं. मला म्हणायचं व्हतं, तू लय छान दिसती. एवढंच. एवढं चार शब्दाचं बोलणं, आन माझ्या तोंडातून खड्डा निघाला. नंतर म्हणू, नंतर म्हणू करत राहिलो. नंतर तू परत मेण लावलंस आन ते झाकून गेलं.

तुला आत नेलं. पुढचं तर तू मला हजार वेळा सांगायला लावलंस. परत सांगतो, माझ्यासाठी.

मे महिना. नाशकाचं ऊन. कपाळावर बायकोचं कुंकू लावलेला म्हातारा दवाखान्याच्या आवारात फिरतोय. चहावाला म्हणला, "काय देवी अंगात येती का?" मी म्हणलो, "अंगात नाय, आत हाय, थेटरात." मला बसवत नव्हतं. हल्लीच्यावाणीच. जिन्यानं वर, जिन्यानं खाली. आन घाम फुटला. मेण वितळलं. पयलं मला कळलंच नाय, नाकावरून काहीतरी कोमट उतरलं, मिशीत गेलं. मी हात लावला नाय. तू म्हणलीस ना, लावायचा नाय.

समोरून एक सिस्टर आली आन किंचाळली, "अहो बाबा, डोकं फुटलंय तुमचं!"

मी म्हणलो, "नाय नाय, हे बायकोचं हाय."

"बायकोनं फोडलं?"

"बायकोनं लावलं!"

तिला वाटलं मार मेंदूला लागलाय. दोन वार्डबॉय आले, मला उचलला, ढकलगाडीवर आडवा केला. एक जण दुसऱ्याला म्हणतो, "पोलिसला कळवायचं का?" मी उठायला बघतो, ते दाबत्यात. सिस्टरनं ओला बोळा घेतला आन कपाळाकडं हात आणला. मी तिचं मनगट धरलं आन असा बोंबललो, असा बोंबललो, की आख्खा दवाखाना गोळा झाला. "पुसू नका! ती आत हाय! ती येस्तोवर पुसू नका!" आन गाडीवरून उडी मारून पळालो. एक चप्पल तिथंच राहिली. ती मी परत मागायला गेलो नाय, अजून पण नाय गेलो.

तू बाहेर आलीस. डोळे उघडलेस. मॅडमनी सांगितलं, हात दाबा, तर उजव्या हातानं दाबलास. नाव विचारलं, तर सांगितलंस. मंग मला शोधलंस. माझ्याकडं बघून पयलं वाक्य काय, तर, "आवं, मिशीपतूर आलंय की."

मी तिथं खाली बसलो. फरशीवर.

नंतर मॅडमनी समजावून सांगितलं. नळी बंद केल्या केल्या डावा आकडा घसरायला लागला व्हता. उजवीकडचं रक्त पुरत नव्हतं. पट्टीनं सांगितलं म्हणून लगेच कळलं. मंग डॉक्टरांनी एक बारीक नळी घालून रक्त बाजूनं फिरवलं आन आकडा वर आला. मला लगेच समजलं. पाटाला बांध घातला की बाजूनं चारी काढून पाणी फिरवायचं, तेच. पट्टी नसती तर, मॅडम म्हणल्या, हात कदाचित गेला असता. बोलणं पण.

मी हात जोडले. तू नाय जोडलेस. तू विचारलंस, "मॅडम, आकडा कधी पडला?"

"दुपारी. का हो मावशी?"

तू माझ्याकडं वळलीस. "आन तुम्हाला सिस्टरनं कधी धरलं?"

मी म्हणलो, "दुपारीच."

झालं! तुझी नजर अशी काय झाली की मला वाटलं परत ढकलगाडीवर घालतीस. "बघा. ती पुसायला आली तवा पडला. तुम्ही पळालात तवा वर आला." मॅडम म्हणल्या, "मावशी, दोन गोष्टी एका वेळेला झाल्या म्हणून एकीमुळं दुसरी झाली असं नसतं." तू म्हणालीस, "तुमची पट्टी तुमच्या जागी, मॅडम. माझी पट्टी यांच्या कपाळावर व्हती."

तिथनं सुरू झालं ते भांडण. मी म्हणायचो पट्टीनं वाचवलं. तू म्हणायचीस, कुंकवानं. मी म्हणायचो, उजेड आत जातो आन बाहेर येतो, मॅडमनी सांगितलंय. तू म्हणायचीस, उजेडाला काय ठावं कुणाचा जीव कुठं ठेवलाय. गावात दोन तट पडले. नामदेव माझ्याकडनं, त्याची बायको तुझ्याकडनं, आन घरी गेल्यावर नामदेवसुद्धा तुझ्याकडनं. मी बाजारात तो किस्सा सांगायचो, "बायकोनं फोडलं?" म्हणलं की माणसं पोट धरायची, गुडीशेव भराभर खपायची. तुझ्या ऑपरेशनवर मी धंदा केला, भिमे. तूच शिकवलंस तो किस्सा कुठं थांबून सांगायचा.

पण तू सोडलं नायस. रोज सकाळी बाजाराला निघताना माझ्या कपाळावर बोट टेकवायचीस. मोठं नाय, डाळीएवढं. "पुसायचं नाय." मी म्हणायचो, "बाजारात लोक हसत्यात." तू म्हणायचीस, "तुमचा धंदाच तो हाय." मला झाडावर चढू दिलं नायस, आपल्या गोदागंगेत पोहू दिलं नायस, मी दोनदा खोकलो की काढा. तुला वाटायचं, त्या दिवशी उघड्या कपाळानं तू आत पडलीस, तेवढ्या वेळात माझ्या आयुष्याला उंदरानं कुरतडलंय. म्हणून राखण करायचीस. वाचलीस तू आन राखण माझी! एवढी वर्सं तू बोललीस, भांडलीस, उजव्या हातानं भाकरी थापलीस, उजव्या हातानंच माझ्या पाठीत धपाटे घातलेस. प्रत्येक धपाट्याला मी मनात त्या मॅडमच्या पाया पडायचो. हे पण तुला कधी बोललो नाय.

आता खरं ते ऐक. ज्याच्यासाठी मला बसवंना झालंय ते.

तू गेलीस त्या दिवशी मी ओझरच्या बाजाराला गेलो. सकाळी तू बोट टेकवलंस, रोजच्यावाणी. ऊन चांगलंच तापलं व्हतं. तू घरी गहू निवडत बसलेलीस, सून म्हणती सूप हातातच व्हतं, नुसती भिंतीला टेकलीस. तिला वाटलं डुलकी लागली. मला निरोप आला तेव्हा मी बाजारात तोच किस्सा सांगत व्हतो. "बायकोनं लावलं!" म्हणलं आन लोक हसले, आन त्या हसण्यातून नामदेवाचा मेव्हणा पुढं आला.

भिमे, मला आठवत नाय. त्या दुपारी मी कपाळ पुसलं का?

पंचा खांद्यावर असतो. घाम आला की हात आपोआप वर जातो. तुझ्या धाकानं कपाळ सोडून बाजूबाजूनं टिपायची सवय लागलेली. पण त्या दिवशी काय केलं? पंचा चारदा बघितला मी. लाल डाग हाय. पण तो आधीपासून असंल. असंल ना? सून म्हणती, "आबा, जुनाच हाय तो, मीच धुते ना." ती खरं सांगती का मला गप बसवती, कळत नाय.

मला ठावं हाय हे येडपट हाय. जन्मभर मीच पट्टीच्या बाजूनं भांडलो ना! आन आता मीच पंचा उन्हात धरून बघतोय. तू आत्ता असतीस तर टाळी वाजवली असतीस. शेवटी सुनेला सांगितलं, त्या मॅडमना फोन लाव. लागला. मी विचारलं, "मॅडम, खरं सांगा, आकडा कधी पडला असंल?" त्यांनी आधी तू कशी गेलीस ते विचारून घेतलं. मंग म्हणल्या, "काका, त्या दिवशी पट्टी नव्हती ना लावलेली. मला कसं सांगता येईल?"

बरोबर हाय त्यांचं. त्या दिवशी पट्टी नव्हती. आकडा बघायला कुणी नव्हतं. मी नव्हतो.

मंग मॅडमनीच विचारलं, "काका, अजून मिशीपर्यंत येतं का कुंकू?" आन फोनवर आम्ही दोघंबी हसलो, आन फोन कुणी ठेवला ते कळलं नाय.

आज सकाळी तुझा करंडा काढला. आरसा घेतला. मेण लावलं, ते भिवईला पण लागलं. कुंकू भरलं. गोल जमलं नाय, तुझं बोट ते तुझंच. वाकडंतिकडं रुपयाएवढं काहीतरी झालंय. सुनेनं बघितलं. ती हसली नाय. म्हणली, "आबा, सावलीत तरी बसा."

सावलीत नाय, ओट्यावर उन्हात बसलोय. आज पयल्यांदा एका जागी. रस्त्यानं जाणारे म्हणत्यात, "काय आबा, नवं सोंग का?" मी म्हणतो, "हां." त्यांना हसू दे, माझा धंदाच तो हाय.

उशीर झालाय. तेवढं मला कळतं.

तू छान दिसत व्हतीस, भिमे. उघड्या कपाळानं, त्या हिरव्या ठिपक्यासकट.

घाम नाकापतूर आलाय. हात मांडीखाली दाबून बसलोय.